रवा आणि मुंग्या

आमच्या दुकानात येणारा माणूस निगेटिव्हचं पाकीट टेबलावर ठेवतो आणि ते उघडायच्या आधीच बोलायला लागतो. "ही आमची आत्या. हिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही," अशी सुरुवात! आपण काही विचारलेलं नसतं. काम झालं की पाकीट परत जातं, आत्या मात्र माझ्याकडंच राहते. अशा किती आत्या, किती मामा, किती कुत्री-मांजरं माझ्या डोक्यात येऊन बसलीत, काही विचारू नका. त्यातले थोडे आज तुमच्या हवाली करते. तेवढीच जागा रिकामी होईल.

दुकान साताऱ्यात, पोवई नाक्याच्या मागच्या एका बोळात. जुन्या फिल्मवरचे फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायचे, हा आमचा धंदा. आम्ही तिघं. मी पूर्वी शिरवळला एका कारखान्यात भिंगाखाली बारीक पार्ट तपासायचे, टक लावून बघायची सवय तिथली. प्रसाद पलूसचा, स्कॅनर आणि कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. आणि अण्णा. अण्णांनी सांगलीतल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये उभा जन्म काढला. आता लेकीकडं साताऱ्यात असतात आणि घरी करमत नाही म्हणून आमच्याकडं येतात.

आता एवढं एक समजून घ्या. फिल्मवरचा फोटो मोठा केला की त्यात बारीक बारीक कण दिसतात. ते फिल्मचे स्वतःचे. त्याला ग्रेन म्हणतात, अण्णा म्हणतात 'रवा'. पण स्कॅनरसुद्धा आपल्या पदरचे कण घालतो! जिथं त्याला धड दिसत नाही तिथं तो काहीबाही ठिपके भरून मोकळा होतो. त्याला नॉइज म्हणतात. जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की कशा मुंग्या यायच्या, तसलं ते. म्हणून आम्ही त्याला म्हणतो 'मुंग्या'. रवा ठेवायचा आणि मुंग्या काढायच्या, बस्स. ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

०००

सुरुवातीच्या दिवसांत वाईचे एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांच्या लग्नाच्या निगेटिव्ह होत्या, काळ्या-पांढऱ्या. आम्ही स्कॅन करून स्क्रीनवर दाखवल्या. गुरुजींनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"रवा आहे, गुरुजी. फिल्मचाच असतो," अण्णा म्हणाले.

"लग्नात आमच्यावर अक्षता टाकल्या होत्या. वाळू नव्हे!"

ग्राहकाचं समाधान आधी, म्हणून प्रसादनं एक सॉफ्टवेअर चालवलं. रवा गायब! सगळं वऱ्हाड कसं गुळगुळीत, लोण्यातून काढल्यासारखं. अण्णा तोंड फिरवून बसले. गुरुजी मात्र खूश. दुसऱ्या दिवशी ते आपल्या बाईंना घेऊन आले. बाई खुर्चीवर टेकल्या, पदर सावरला आणि फोटोकडं बघत राहिल्या.

"छान आलाय," त्या म्हणाल्या. "पण हे कोण?"

"अगं, मी!"

"छे. तुमच्या उजव्या गालावर देवीचे व्रण होते. आता सुरकुत्यांत गेले, पण तेव्हा चांगले दिसायचे. मला बघायला आलात तेव्हा सारखं तोंड भिंतीकडं करून बसला होतात. मी मुद्दाम त्या बाजूनं येऊन चहा दिला."

गुरुजींना हे ठाऊक नव्हतं! अख्खा संसार झाला, नातवंडं झाली, आणि त्यांची समजूत अशी, की त्या दिवशी आपण ते लपवलं होतं.

"म्हणजे तू बघितलं होतंस?"

"बघूनच हो म्हटलं ना."

प्रसादनं हळूच आधीचा स्कॅन उघडला. रव्यामधून गुरुजींचा गाल वर आला, त्यावर ते बारीक खड्डे. बाई पुढं वाकल्या आणि स्क्रीनवरच बोट टेकवलं.

गुरुजी खाकरले. म्हणाले, "असू दे वाळू!"

०००

आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. ती चालवतात सुलाबाई. खटावकडच्या, आवाज खणखणीत. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमचं दुकान गुणगुणायला लागतं आणि जेवणानंतर अण्णांचा डोळा लागतो. त्या गुणगुणण्यात मलासुद्धा आपण कुठल्यातरी बोटीत बसलोय असं वाटतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो, त्यात पीठ तरंगत असतं आणि कुणालाही कशाचीही घाई नसते.

तर दुपारचे स्कॅन खराब यायला लागले. फोटोवर आडवे पट्टेच्या पट्टे, सगळे ठिपक्यांचे. प्रसाद म्हणाला, "फिल्मच खराब आहे, अण्णा."

अण्णा म्हणाले, "रवा असा रांगेत उभा राहत नाही. रवा काय शाळेत गेलाय?"

भांडण जुंपलं. शेवटी अण्णांनी तोड काढली. एकच फ्रेम दोनदा स्कॅन करायची आणि दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे. जो ठिपका दोन्ही वेळा त्याच जागी, तो फिल्मचा. ज्यानं जागा बदलली, तो मशीनचा. साधी गोष्ट! प्रसादनं करून बघितलं. पट्टे सगळे हललेले. म्हणजे मुंग्याच. पण फक्त दुपारीच का? सकाळी तेच मशीन गुणी बाळासारखं वागायचं.

मी भिंतीला कान लावला आणि मला कळलं. गिरणीची मोटर सुरू झाली की आमचा करंट खालीवर व्हायचा.

आम्ही तिघंही सुलाबाईंकडं गेलो. अण्णांनी फार अदबीनं सांगायला सुरुवात केली, "बाई, त्याचं काय आहे, आमच्या फोटोत जो रवा दिसतो..."

सुलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आवं, रवा म्या दळतच न्हाई! गहू आन् ज्वारी, बास. दुसऱ्या कुनाच्या गिरनीचा आसंल तो!"

तेव्हापासून ठरलंय. आमचा स्कॅन चालू असला की त्या थांबतात आणि मधेच भिंतीपलीकडून विचारतात, "ताईऽ, दळू का?" त्यांचं गिऱ्हाईक हातात डबा घेऊन उभं असतं. त्याला त्या सांगतात, "थांबा जरा. शेजारी फोटूतल्या मुंग्या मारत्यात."

०००

खंडाळ्याचे एक गृहस्थ आले होते. घाटातलं खंडाळा नव्हे, आपलं साताऱ्यातलं. वडील वारलेले. वडिलांच्या रंगीत स्लाइड होत्या, म्हणजे उजेडासमोर धरल्या की सरळ फोटोच दिसतो त्या.

त्यातली एक जवळजवळ काळी. तीच त्यांनी सगळ्यात आधी पुढं केली.

"बाबा कोयनेच्या जंगलात नोकरीला होते. ते सांगायचे, एका संध्याकाळी एक अख्खं झाड काजव्यांनी पेटलं होतं. त्यांनी फोटो घेतला. पण प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडला की नुसता अंधार! आम्ही सगळे हसायचो. आई म्हणायची, काजव्यांचा नाही, कोळशाचा फोटो काढलाय. नंतर नंतर बाबांनी दाखवायचाच सोडला."

प्रसादनं स्लाइड स्कॅनरमध्ये घातली. फोटो आला, काळा. मग त्यानं उजेड हळूहळू वर ओढला. आधी एक फांदी दिसली. मग खोड. मग सगळ्या झाडभर बारीक बारीक ठिपके, लाल, हिरवे, निळे!

ते गृहस्थ उठून उभे राहिले. "काजवे," एवढंच म्हणाले.

इतक्या अंधारात मशीन हमखास रंगीत मुंग्या सोडतं, हे आम्हाला पाठ होतं. प्रसादनं माझ्याकडं बघितलं, मी अण्णांकडं. अण्णा या बाबतीत कुणाची गय करत नाहीत. ते म्हणाले, "साहेब, खरं सांगायचं तर एकदा तपासून बघायला हवं. परत स्कॅन करू. तेच ठिपके त्याच जागी आले, तर ते तुमच्या बाबांचे."

दुसरा स्कॅन झाला. प्रसादनं दोन्ही एकामागून एक दाखवले, हा आणि हा. एकही ठिपका जागेवर नव्हता. सगळ्या झाडभर सगळेच सरकलेले.

अण्णांनी घसा साफ केला. पण ते बोलायच्या आत त्या गृहस्थांनी टाळी वाजवली. डोळ्यांत पाणी.

"बघितलंत? उडाले!"

अण्णा थोडा वेळ त्या झाडाकडं बघत बसले. मग म्हणाले, "प्रसाद, दोन्ही सेव्ह कर."

०००

आमच्या प्रसादच्या लग्नाचा किस्सा तर पलूसमध्ये अजून सांगतात. मुलगी जवळच्याच गावची, आरती नाव. घरची द्राक्षबाग. पोहे झाले, चहा झाला, प्रसाद घरी आला आणि आईला म्हणाला, "मला पुन्हा एकदा बघायचीय."

आईनं मला फोन लावला. "आवं ताई, तुमी तरी सांगा त्येला! पसंत हाय का विचारलं तर हो म्हणत न्हाई, न्हाई म्हणत न्हाई. दोनदा बघायची म्हणतोय! लोकं काय म्हणतील?"

मी काय सांगणार? मला कळलं होतं हे कुठून आलं ते.

शेवटी पुन्हा गेले. या वेळी मलाही नेलं, समजूत घालायला. मुलीचा मामा ओसरीवरच वाट अडवून बसला होता. तापलेला.

"काय वो पाव्हणं, म्हस इकत घ्यायचीया का? येकदा बघून भागंना व्हय?"

प्रसाद मात्र सरळ बोलला. "मामा, पहिल्यांदा मी लय घाबरलो होतो. मला जे दिसलं ते पोरीचं होतं का माझ्या घाबरण्याचं, तेच कळंना. आज दुसऱ्यांदा बी तसंच दिसलं, तर ते तिचंच."

मामानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आमच्या धंद्यात अशीच पद्धत आहे."

बाहेर बागेवर ऊन उतरलं होतं, सगळं अंगण पिवळंधमक. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला.

"मामा, येऊ द्या की त्यांना आत. मला बी दुसऱ्यांदा बघायचंय. पयल्या खेपेला ह्यांनी मान वरच केली न्हाई!"

०००

साताऱ्यात दुकान आणि फौजी गिऱ्हाईक नाही, असं होईल का? कोरेगावकडचे एक सुभेदारसाहेब आले. चालणं अजून परेडचं. एक निगेटिव्ह आणली होती. बर्फातली चौकी, तीन जवान गडद कोट घालून उभे. मधले ते स्वतः, कोवळे, मिशी नुकती फुटलेली.

स्कॅनमध्ये तिघांच्या कोटांवर पांढरे ठिपके दिसत होते. चांगले ठसठशीत.

"बर्फ पडतंय वाटतं," मी म्हटलं.

"न्हाई, न्हाई. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मला पक्कं याद हाय."

मग धूळ असेल, असं आम्हाला वाटलं. फिल्मवर धूळ बसली की फोटोत पांढरे ठिपकेच येतात. अण्णांनी फुंकणीनं आणि मऊ ब्रशनं निगेटिव्ह साफ केली. ठिपके तसेच. दोनदा स्कॅन केलं. ठिपके जागच्या जागी. म्हणजे मशीनचे नाहीत, धुळीचे नाहीत. रव्यापेक्षा तर कितीतरी मोठे.

"सुभेदारसाहेब, हे त्या दिवशीच कॅमेऱ्यानं टिपलंय. बर्फच पडत होतं," अण्णा म्हणाले.

"मी तिथं उभा होतो का तुमी?"

त्यांना ते इतकं लागलं की त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि फोटोतल्या डावीकडच्या जवानाला थेट फोन लावला. गढवालचा दोस्त. दोघं अजून दर दिवाळीला बोलतात म्हणे. फोन स्पीकरवर. आधी एकमेकांना शिव्या झाल्या, मग तब्येतीची चौकशी, मग सुभेदारसाहेबांनी विचारलं, "यार, वो तीनोंवाला फोटो याद है? उस दिन धूप थी ना?"

पलीकडून म्हातारा आवाज आला, अगदी सावकाश.

"बरफ गिर रही थी, भाई. उसी दिन खबर आई थी कि तेरे घर बेटी हुई है, और छुट्टी मिली नहीं. तू सुबह से रो रहा था. तुझे कहाँ से दिखती!"

सुभेदारसाहेबांनी फोन कानाला लावला, स्पीकर बंद केला आणि बोळात जाऊन उभे राहिले. आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. एकदम ताठ.

०००

सांगलीच्या एक बाई आहेत, बँकेत काम करतात. घर नदीकाठच्या गल्लीत. पुरात त्यांचं कपाट बुडालं आणि निगेटिव्हचा डबा चिखलातून निघाला. अण्णा त्याच गावचे, त्यामुळं डबा बघताच त्यांनी तो आपल्याकडं ओढून घेतला. पाण्यात भिजलेल्या फिल्मचा वास त्यांना लांबून कळतो. त्यांच्या स्टुडिओची डार्करूमसुद्धा अशीच पाण्याखाली गेली होती, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत.

त्यांनी एकेक पट्टी स्वच्छ पाण्यात सोडली, हळुवार सोडवली आणि दुकानात दोरी बांधून वाळत घातली. आठवडाभर आमच्या डोक्यावर त्या बाईंचं बालपण लटकत होतं. पंख्याच्या वाऱ्यानं हलायचं.

बरंचसं गेलं होतं. एक फ्रेम मात्र चांगली निघाली. बाईंचे वडील, घराच्या पायरीवर उभे, पांढरा शर्ट, हसतायत. फक्त कमरेच्या वर एक नागमोडी रेघ, आणि त्याखाली सगळं राखाडी, गढूळ. रवा नव्हे, मुंग्याही नव्हेत. पाणी तिथपर्यंत चढून थांबलं होतं, त्याचा डाग.

"हे काढता येईल," प्रसाद म्हणाला. "थोडा वेळ लागेल, पण पायरीसकट नीट करून देतो."

बाई स्क्रीनकडं बघत होत्या. मला वाटलं रडतील. तर त्या हसायला लागल्या!

"राहू दे, राहू दे! आमच्या बाबांना पोहता येत नव्हतं. नदीकाठचा माणूस असून पाण्याला भ्यायचे. पाणी वाढतंय म्हटलं की सगळ्यात आधी हे माडीवर. आई जन्मभर त्यांना बोलली त्यावरून."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, तो तसाच हातात धरला.

"आणि आता बघा ना. कमरेइतक्या पाण्यात उभे आहेत, आणि हसतायत!"

०००

आता शेवटचा.

माण तालुक्यातून एक म्हातारी आली होती, सोनाबाई. बरोबर मुलगा, तानाजी. त्याची पिकअप गाडी आहे, तिच्यातनंच आले होते. लोक पूर्वीचे मेंढरं राखणारे, आता थोडी शेतीही करतात. सोनाबाईंनी कनवटीची पिशवी सोडली, त्यातून एक चिंधी काढली आणि चिंधीतून फिल्मचा एकच तुकडा. एकच फ्रेम.

"उन्हाळ्यात आमी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला उतरायचो. तितं येक फोटूवाला आला. पुढच्या साली पुन्हा गाठ पडली, तवा त्यानं ही पट्टी हातात दिली. म्हणला, शहरात गेलासा की फोटू करून घ्या. शहरात कवा जाणार आमी? मेंढरं घिऊन?"

"म्हणजे तुम्ही हा फोटो कधी बघितलाच नाही?"

"न्हाई की."

स्कॅन केलं. संध्याकाळ होती. मागं आभाळ उजळलेलं, सगळीकडं मेंढरांच्या पाठी, पाठीवर उजेडाची कड. मधे सोनाबाईंचा नवरा, हातात काठी, खांद्यावर घोंगडं. उजेड मागनं, त्यामुळं माणूस पुढनं सगळा काळा. बाकी फोटो असा देखणा, की प्रसादनं माऊसवरचा हात काढून घेतला.

सोनाबाई म्हणाल्या, "त्येंच्या खांद्याव, घोंगड्यात, पोरगी हाय का बगा."

तानाजी म्हणाला, "आय, ऱ्हाऊ दे ना."

"बगू दे त्यास्नी." मग आम्हाला म्हणाल्या, "ह्येच्या आदीची. लय रडायची, मग ह्येचा बा तिला घोंगड्यात घिऊन फिरायचा. त्याच पावसाळ्यात गेली ती. दुसरा फोटू न्हाई तिचा."

भिंतीपलीकडची गिरणी बंद होती. आम्ही कामाला लागलो. प्रसादनं तीच फ्रेम परत परत स्कॅन केली आणि सगळे स्कॅन एकावर एक ठेवले. असं केलं की मुंग्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि फिल्मवर खरंच जे आहे तेवढं उरतं. मग त्यानं काळोखातला उजेड वर ओढला. घोंगड्याची घडी दिसली. घडीत, मानेजवळ, काहीतरी जरासं फिकं.

मी जवळ जाऊन बघितलं. शिरवळची सगळी सवय पणाला लावली. प्रसाद म्हणाला, "आहे," आणि थोड्या वेळानं म्हणाला, "नाही." अण्णांनी निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि वाकले. किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक. उठले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नुसता रवा आहे."

"नक्की?"

"जमतो कधी कधी असा एका जागी. ढगासारखा." त्यांनी भिंग पुसलं. "सांगावं लागेल. मी सांगतो."

सोनाबाई खुर्चीवर बसल्या नव्हत्या. दाराच्या उंबऱ्याला टेकून खाली बसल्या होत्या आणि तिथूनच बघत होत्या. आम्ही तिघं स्क्रीनसमोर दाटीनं उभे. अण्णा त्यांच्याकडं वळले.

"आजी, आम्ही पुष्कळ बघितलं. पण..."

"जरा सरका की," त्या म्हणाल्या.

आम्ही सरकलो.

सोनाबाईंनी डोळे बारीक केले. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हाय की."

"कुठं?" तानाजीनं विचारलं.

"ती बग. टोपडं घातलंय. तोंड त्येंच्या मानंत खुपसलंय. झोपलीया. तशीच झोपायची."

तानाजी चालत दारापाशी गेला आणि आईशेजारी जमिनीवर बसला. त्यानंही तिथून बघितलं. डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मग अण्णा गेले. हातातलं भिंग टेबलावर ठेवून, हळूहळू, खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत. त्या दोघांच्या मागं उभे राहिले आणि स्क्रीनकडं वळले. बराच वेळ उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, पण त्यावरून काही कळलं नाही.

प्रसादनंच शेवटी विचारलं, "आजी, फोटो केवढा करून देऊ? मोठा करू? भिंतीवर लावण्यासारखा?"

सोनाबाईंनी आपला तळहात पुढं केला.

"येवढाच कर, बाबा. लय मोठा नगं. जवळनं बगाय गेलं की जाती ती."